उत्तरेची नोंदवही : उमेओ विद्यापीठातील संशोधन वाचताना

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या उत्तर स्वीडनमधले एखादे खेडे. वर्षातून एकदा धर्मगुरू वस्तीवर येतो. यजमानापासून मोलकरणीपर्यंत घरातल्या प्रत्येकाला तो पुस्तकातला उतारा वाचायला लावतो, धर्माची प्रश्नोत्तरे विचारतो आणि आपल्या जाडजूड वहीत ज्याच्या त्याच्या नावापुढे खुणा करतो. याला चांगले वाचता येते, हिला बऱ्यापैकी येते, त्याला वाचता येते पण अर्थ कळत नाही. १६८६ च्या चर्च कायद्याने धर्मगुरूंवर अशा नोंदी ठेवण्याचे बंधन घातले होते. जन्म, लग्न, स्थलांतर, मृत्यू आणि पुढे देवीची लससुद्धा या वह्यांत येत गेली. ज्यांच्याविषयी हे सारे लिहिले जात होते त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत होते. लिहिता मात्र फारच थोड्यांना येत होते.

ही गोष्ट जगासमोर ठळकपणे मांडली ती उमेओ विद्यापीठातल्या एगिल योहान्सन या अभ्यासकाने, गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात. ‘लिहिता-वाचता येणे’ हा आपल्याकडे एका श्वासात उच्चारायचा जोडशब्द आहे. योहान्सन यांनी चर्चच्या वह्या वाचून दाखवून दिले, की स्वीडनमध्ये या दोन क्रिया कित्येक पिढ्या एकमेकींपासून वेगळ्या राहिल्या. १८४२ साली गावोगावच्या शाळांचा कायदा झाला, त्याच्या कितीतरी आधी शेतकरी आणि त्यांच्या बायका वाचत होत्या. लिहिणे नंतर, शाळेबरोबर आले. म्हणजे एक संपूर्ण समाज असा, की जो वाचू शकतो, पण स्वतःविषयी लिहू शकत नाही. त्याच्याविषयी दुसराच कोणी लिहितो.

या लेखात उमेओतल्या काही संशोधनांकडे मला याच कोनातून पाहायचे आहे. कोण लिहितो, कोणाविषयी लिहितो, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचता येते का? एरवी हा प्रश्न आपण आत्मचरित्राला किंवा दलित साहित्याला विचारतो. संशोधनालाही तो विचारता येतो, आणि विचारला पाहिजे, असे मला वाटते.

उमेओ हे स्टॉकहोमच्या सुमारे सहाशे किलोमीटर उत्तरेला, बॉथनियाच्या आखाताजवळ, नदीकाठी वसलेले शहर. १८८८ च्या आगीत ते जवळजवळ सगळे जळाले. पुन्हा आग पसरू नये म्हणून नव्या रुंद रस्त्यांच्या कडेने बर्च झाडे लावली गेली आणि शहराला ‘बर्चांचे शहर’ हे नाव पडले. विद्यापीठ १९६५ चे, म्हणजे १४७७ च्या उप्सालाच्या मानाने कालचे पोर. विरळ वस्ती, लांब हिवाळा आणि राजधानीपासूनचे अंतर अशा प्रदेशात विद्यापीठ काढताना त्याने त्या प्रदेशाच्या उपयोगी पडावे ही अपेक्षा होतीच. आज तिथे वैद्यकापासून वनस्पतिशास्त्रापर्यंत आणि औद्योगिक आरेखनापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिशास्त्रापर्यंत काम चालते.

एवढ्या शाखांचे संशोधन एकत्र मांडायचे झाले की सहसा त्याचे दुकान होते. एका फळीवर मासे, दुसरीवर जनुके, तिसरीवर रक्तवाहिन्या. प्रत्येक विद्यापीठाची वार्षिक पुस्तिका अशीच असते आणि ती वाचून हाती काही लागत नाही. उमेओच्या बाबतीत मात्र या फळ्यांच्या मागे एक सामाईक भिंत आहे. ती नोंदवहीची आहे. १९७३ साली विद्यापीठात लोकसंख्येचा ऐतिहासिक माहितीसंग्रह सुरू झाला आणि चर्चच्या वह्यांतली माणसे एकेक करून संगणकात उतरवली जाऊ लागली. खरी कसोटी लागते ती पुढे, या वह्या वाचून काढलेल्या निष्कर्षांची.

सगळ्यात गाजलेले उदाहरण ओव्हरकालिक्सचे. आर्क्टिक वर्तुळाजवळच्या या दुर्गम परगण्यात एकोणिसाव्या शतकात पीक कधी भरघोस येई, कधी पूर्ण बुडे. लार्स ओलोव्ह बिग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९०, १९०५ आणि १९२० साली तिथे जन्मलेल्या सुमारे ३०० माणसांचे आईबाप आणि आजीआजोबा वह्यांतून शोधले. त्या आजीआजोबांच्या बालपणी कोणत्या वर्षी सुगी होती आणि कोणत्या वर्षी टंचाई, हे पिकांच्या नोंदींवरून ठरवले आणि नातवंडांच्या मृत्यूंशी ताडून पाहिले. २००२ साली आलेला निष्कर्ष चकित करणारा होता. वडिलांच्या वडिलांनी वयात येण्याआधीच्या, शरीराची वाढ मंदावलेल्या काळात भरपूर खाल्ले असेल, तर नातवंडांत मधुमेहाशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण कितीतरी जास्त. २००६ साली ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबरच्या लेखात हा संबंध लिंगानुसार वेगळा दिसला. पितामहाचा परिणाम नातवांवर, पितामहीचा नातींवर.

कल्पना विलक्षण होती आणि ती जगभर पसरली. आजोबांच्या ताटातले नातवाच्या रक्तात उतरते, ही गोष्ट कोणत्याही संस्कृतीला आधीपासूनच माहीत असल्यासारखी वाटते. आपल्याकडे पूर्वजांचे पाप-पुण्य भोगण्याची भाषा आहेच. नेमका इथेच वाचकाने सावध व्हायला हवे. ३०० माणसे तीन जन्मवर्षांत, दोन लिंगांत आणि चार आजीआजोबांत विभागली, की प्रत्येक कप्प्यात मूठभर माणसे उरतात. इतक्या कप्प्यांत कुठे ना कुठे ठळक आकडा सापडणे अगदी शक्य असते. शिवाय गावात सुगी होती म्हणजे अमुक मुलगा पोटभर जेवला, असेही नाही. कोणाच्या घरात किती धान्य पोचले आणि घरात कोणाच्या ताटात किती पडले, हे वही सांगत नाही.

२०१८ साली उप्सालातल्या, अनेक पटींनी मोठ्या समूहावर हीच तपासणी झाली. तिचे उत्तर अर्धे होय आणि अर्धे नाही असे आले. पितामहाच्या बालपणीच्या सुबत्तेचा नातवांच्या एकूण मृत्यूंशी संबंध दिसला, नातींच्या नाही. पण तो मुख्यतः कर्करोगामुळे होता. ज्यासाठी ओव्हरकालिक्स प्रसिद्ध झाले ते मधुमेह आणि हृदयविकाराचे निष्कर्ष पुन्हा मिळाले नाहीत. माझ्या मते ओव्हरकालिक्सचे मोल यामुळे कमी होत नाही. त्याने विचारलेला प्रश्न टिकला, उत्तर बदलले. दोष असलाच तर तो आपल्या वाचनाचा आहे. पहिला निबंध आपण कथेसारखा वाचला आणि दुसरा वाचलाच नाही.

धर्मगुरूच्या वहीची आधुनिक आवृत्ती पाहायची तर आरोग्यखात्याकडे वळावे लागते. उमेओ ज्या व्हेस्टरबोटेन प्रांतात आहे तिथे १९८० च्या सुमारास हृदयविकाराने होणारे मृत्यू देशात सर्वाधिक होते. म्हणून १९८५ साली नूर्शो या छोट्या गावापासून एक कार्यक्रम सुरू झाला. वयाच्या ४०, ५० आणि ६० व्या वर्षी प्रत्येकाला तपासणीला बोलवायचे, प्रश्नावली भरून घ्यायची, त्याच्याशी बोलायचे आणि त्याने संमती दिल्यास रक्ताचा नमुना गोठवून ठेवायचा. आता प्रांतातल्या लाखाहून अधिक माणसांचे रक्त उमेओत अतिशीत कपाटांत आहे. घरोघर फिरणाऱ्या धर्मगुरूची जागा परिचारिकेने घेतली आहे. फरक असा, की इथे माणसाला ‘नाही’ म्हणता येते.

याच यंत्रणेतून २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला साहित्याच्या वाचकांसाठी फार महत्त्वाचा वाटतो. ३५३२ माणसांच्या मानेतल्या धमन्यांची ध्वनिलहरींनी तपासणी झाली. अर्ध्या लोकांना त्यांच्या धमनीची स्थिती चित्ररूपात पाठवली. धमनीचे ‘वय’ रंगांच्या पट्टीवर दाखवले आणि काही दिवसांनी परिचारिकेने फोन करून ते समजावून सांगितले. उरलेल्या अर्ध्यांचीही तपासणी झाली होती, पण निष्कर्ष त्यांना कळवला नाही. वर्षभराने चित्र पाहिलेल्यांचा हृदयविकाराचा अनुमानित धोका दुसऱ्या गटापेक्षा कमी भरला.

‘चरबी वाढली आहे, धोका अमुक टक्के’ हे वाक्य डॉक्टर वर्षानुवर्षे सांगतच असतात. माणूस मान डोलावतो आणि घरी जातो. स्वतःच्या मानेतल्या नळीचे चित्र पाहिल्यावर मात्र तो हलतो. माहिती आणि प्रत्यय यांत काय अंतर असते, हे यापेक्षा नेमके कुठल्या काव्यशास्त्राने दाखवले असेल? तरी इथेही दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. अनुमानित धोका कमी होणे म्हणजे झटके कमी होणे नव्हे. आणि ज्यांच्या धमन्या पाहूनही त्यांना काही सांगितले नाही, त्यांच्या बाबतीत ‘लिहिणारा’ आणि ‘वाचणारा’ यांतली जुनी दरी प्रयोगाची गरज म्हणून का होईना, मुद्दाम राखली गेली होती.

उमेओचे सर्वांत मोठे यश मात्र या वहीतून आलेले नाही. इमॅन्युएल शार्पेंतिए व्हिएन्नाहून उमेओला आल्या. घशाला आणि त्वचेला संसर्ग करणाऱ्या एका जिवाणूच्या स्वसंरक्षणाच्या यंत्रणेतला एक छोटा आरएनए रेणू त्यांच्या गटाने उलगडला आणि तो निबंध २०११ साली ‘नेचर’मध्ये आला. पुढे जेनिफर डाउडना यांच्यासह त्यातून ‘जनुकीय कात्री’ तयार झाली आणि २०२० साली दोघींना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तोवर शार्पेंतिए जर्मनीत गेल्या होत्या. काम व्हिएन्नात सुरू झाले, उमेओत मुरले आणि कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांबरोबर पुरे झाले. तेव्हा ‘आमच्या विद्यापीठाचे नोबेल’ ही भाषा कोणालाच पूर्णपणे शोभत नाही. एखाद्या विद्यापीठाला त्याच्या नोबेलवरून जोखणे म्हणजे लेखकाला त्याच्या पुरस्कारावरून जोखण्यासारखेच आहे.

त्यापेक्षा मला २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आलेला माशांचा निबंध उमेओचा खरा चेहरा वाटतो. चिंता कमी करण्यासाठी माणसे ऑक्झाझेपाम नावाचे औषध घेतात. ते शरीरातून बाहेर पडते, सांडपाण्यातून शुद्धीकरण केंद्रात जाते आणि तिथून नदीत. संशोधकांनी पर्च जातीच्या माशांना, नद्यांत आढळते तेवढ्याच प्रमाणात हे औषध मिसळलेल्या पाण्यात ठेवले. मासे अधिक चपळ झाले, कळप सोडून एकटे फिरू लागले आणि अन्नावर जलद तुटून पडू लागले. मेला एकही नाही. विषाची जुनी चाचणी ‘जगला की मेला’ एवढेच विचारते, म्हणून तिला हे औषध निरुपद्रवीच वाटले असते. वही तीच, पण तिच्यात ‘स्वभाव’ नावाचा नवा रकाना आखल्याबरोबर वेगळेच सत्य दिसू लागले. टाकीतला मासा आणि नदीतला मासा यांत अंतर आहे, हे खरेच. पण रकाना आखणे हेच इथले संशोधन आहे.

या कामाचा एक धागा भारतात येतो. या निबंधाच्या लेखकांपैकी एक रसायनशास्त्रज्ञ त्याआधी हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या पाण्यावर काम करत होते. २००७ साली गोथेनबर्गच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात तिथल्या औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राबाहेरच्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. २००९ च्या, उमेओच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात परिसरातल्या तळ्यांत आणि विहिरींतही औषधे सापडली. स्वीडनमधला रुग्ण स्वस्त गोळी घेतो तेव्हा तिची किंमत तेलंगणातली एखादी विहीर मोजत असू शकते, हे त्या आकड्यांनी दाखवले. इथे वही दूर उत्तरेत आहे आणि पाणी आपले आहे.

दुसरा धागा थेट पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकपर्यंत पोचतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून त्या परिसरातल्या २२ गावांत जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची सलग नोंद ठेवली आहे. चर्चच्या वहीची ही मराठी बहीणच म्हणायची. आफ्रिका आणि आशियातल्या आठ ठिकाणी पन्नाशीपुढच्या माणसांच्या आरोग्याचा जो एकत्रित अभ्यास झाला त्यात वढू होते, आणि त्याचे निबंध उमेओतून निघणाऱ्या जागतिक आरोग्यविषयक नियतकालिकात २०१० साली आले. पुढे २०१४ साली वढूच्या कामावर उमेओत एक प्रबंधही झाला. त्याच्या केंद्रस्थानी एक साधा प्रश्न होता, ‘एकंदरीत आज तुमची तब्येत कशी आहे?’ उत्तरासाठी पाच पर्याय होते : खूप चांगली, चांगली, मध्यम, वाईट, खूप वाईट.

मराठी वाचकाला इथे हसू येईल. शिरूर तालुक्यातल्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला ‘आजोबा, तब्येत कशी आहे?’ असे विचारले, की पाचपैकी एकही उत्तर येत नाही. ‘चाललंय’ येते. ‘वयच झालं आता’ येते. ‘देवाची कृपा’ येते. आजी तर ‘मला काय धाड भरलीय’ म्हणून चहाचे आधण ठेवायला आत जातील. ‘चाललंय’ म्हणजे मध्यम की वाईट? ते सुरावर, विचारणाऱ्यावर आणि शेजारी सून उभी आहे की नाही यावर अवलंबून असते. तरीही या ढोबळ प्रश्नात दम आहे. वढूच्या नोंदींवरून असे दिसले, की तब्येत वाईट आहे असे सांगणाऱ्यांत पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण खरोखरच जास्त होते. माणसाला आपल्या देहाविषयी काहीतरी कळत असते, ते पाच कप्प्यांत कोंबले तरी पूर्ण नष्ट होत नाही.

माणसामाणसाचे माप वेगळे असते, यावर या शास्त्राने काढलेला उपाय तर थेट आपल्या प्रांतातला आहे. काल्पनिक व्यक्तींच्या छोट्या गोष्टी ऐकवायच्या. अमुक माणसाला चालताना त्रास होतो, तमुकीला रात्री झोप लागत नाही. मग ऐकणाऱ्याला त्या पात्राची तब्येत ठरवायला सांगायची आणि त्यावरून त्याचा स्वतःचा गज किती लांब आहे ते मोजायचे. म्हणजे मोजपट्टी म्हणून कथा! अडचणही साहित्याचीच निघते. एकाच गोष्टीतून सगळे वाचक एकच अर्थ घेतात, असे यात गृहीत धरावे लागते. ते खरे असते का हे तपासायलाच या अभ्यासकांना २०१३ साली स्वतंत्र निबंध लिहावा लागला. कुठल्याही समीक्षकाने त्यांना आधीच सांगितले असते. पण त्यांनी ते गृहीत न धरता तपासले, हे मला आपल्यापेक्षा सरस वाटते.

आता वहीतल्या कोऱ्या जागेविषयी. उमेओ ज्या प्रदेशाचे विद्यापीठ आहे तो सामी लोकांचाही प्रदेश आहे. रेनडिअर पाळणारे, मासे पकडणारे, आता शहरांतही राहणारे हे इथले मूळ रहिवासी. जुन्या चर्चच्या वह्यांत ते दिसतात, पण धर्मगुरूने दिलेल्या नावांनी आणि त्याला वाटलेल्या वर्गवारीने. विसाव्या शतकात त्यांची नोंद भलत्याच हेतूने झाली. १९२२ साली उप्सालात सरकारी वंशजीवशास्त्र संस्था निघाली, सामी माणसांची डोकी मोजली गेली, त्यांची छायाचित्रे काढली गेली. आज स्वीडन नागरिकाची वांशिक ओळख नोंदवत नाही. कारण समजण्यासारखे आहे, पण परिणाम असा, की लाखाहून अधिक माणसांचे रक्त सांभाळणाऱ्या प्रांतात सामींचे आरोग्य कसे आहे याचे उत्तर नेहमीच्या नोंदींतून मिळत नाही. १९३१ नंतर जनगणनेतून सर्व जातींची आकडेवारी प्रसिद्ध न झालेल्या देशातल्या वाचकाला हा पेच समजावून सांगायला नको. मोजले तर शिक्का बसतो, न मोजले तर अन्याय दिसेनासा होतो.

उमेओतल्या इतिहासकारांनी आणि लोकसंख्याशास्त्रज्ञांनी हा पेच टाळलेला नाही. मूलनिवासी आणि लोकसंख्याशास्त्र यांवरचा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ २०११ साली आला, आणि विद्यापीठात सामी संशोधनाचे स्वतंत्र केंद्र आहे. तरी या साऱ्यामागचा घाव किती ओला आहे हे एका घटनेवरून कळते. उमेओपासून नदीच्या वरच्या अंगाला लिक्सेले नावाचे गाव आहे. तिथल्या जुन्या दफनभूमीतून विसाव्या शतकाच्या मध्याला उत्खननात काढलेले २५ जणांचे अवशेष राजधानीतल्या संग्रहालयात ठेवले गेले होते. ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये परत आणून पुन्हा पुरण्यात आले. संशोधनाने जमा केलेली एक नोंद अशा रीतीने मातीला परत गेली.

धर्मगुरूपासून परिचारिकेपर्यंत उमेओची ताकद नोंद ठेवण्याच्या चिकाटीत आहे. पण तिथले जे संशोधन मला श्रेष्ठ वाटते, ते आपल्या वहीवर संशय घेणारे आहे. माशांच्या निबंधाने नवा रकाना आखला. वढूच्या अभ्यासाने आपलीच मोजपट्टी मोजली. सामी अभ्यासकांनी वही कोणाच्या हातात होती ते विचारले. ओव्हरकालिक्सची कीर्ती तेवढी या संशयाच्या पुढे धावली.

आणि आपले काय? आपल्याकडे नोंदींची वाण नाही. मोडीतले रुमाल आहेत, कुलवृत्तांत आहेत, शाळांची जुनी हजेरीपटे आहेत आणि आता वढूसारख्या ठिकाणची वर्षानुवर्षांची सलग माहिती आहे. उणीव आहे ती परतफेडीची. वढूच्या आजोबांनी ‘चाललंय’ म्हणून दिलेले उत्तर आकडा झाले, इंग्रजी निबंध झाले, बाल्टिकच्या काठी प्रबंध झाले. ते निबंध कोणालाही फुकट वाचता येतात, पण इंग्रजीतून. त्यांच्या नातवाला ते मराठीत वाचायला मिळायला हवे होते. ते काम उमेओचे नाही, आपले आहे. आपल्या विद्यापीठांचे आहे, आपल्या नियतकालिकांचे आहे आणि दिवाळी अंकांचेही आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या उत्तरेतल्या शेतकऱ्याविषयीची वही निदान त्याच्या देशाच्या भाषेत होती. आपल्या शेतकऱ्याची वही परक्या भाषेत आहे.

स्वीडनमध्ये एक जुनी रीत आजही पाळतात. प्रबंध तयार झाला की जाहीर परीक्षेच्या सुमारे तीन आठवडे आधी त्याची प्रत हातोडीने खिळा ठोकून विद्यापीठात सर्वांच्या नजरेसमोर लावायची. आता प्रबंध संगणकावरही प्रसिद्ध होतो, पण खिळा सुटलेला नाही. अर्थ असा, की ज्याला हरकत घ्यायची असेल त्याने आधी वाचावे आणि परीक्षेच्या दिवशी येऊन बसावे. आपल्या प्रबंधांसाठी फळा आणि खिळा कुठेही मिळेल. तो वढूच्या चावडीसमोर ठोकायचा, तर त्यावरचे अक्षर मराठी असावे लागेल.